शब्दानं परत कधी यावं, कोणत्या वेशात यावं

(संवादातली दोघंही कल्पित आहेत. शंकेखोर म्हणजे निवृत्त गुरुजी, हौशी म्हणजे अजून नोकरीत असलेल्या बाई. गाव जानेफळ, तालुका मेहकर. पण वर्ग मराठी माध्यमाचा कुठलाही समजायला हरकत नाही.)

शंकेखोर : मॅडम, तुमच्या वर्गातला तो पेढ्यांचा खोका पाहिला. आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली कार्डं, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी. शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, पुढचे आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. मेहनत दिसते. पण खरं सांगू? यात उजळणीपलीकडे काय आहे ते मला कळलं नाही. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा व्हायचा. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. रोज तेच, त्याच चालीत, त्याच क्रमाने. कुणी कप्पे केले नव्हते, कुणी मधले दिवस मोजले नव्हते. तरी आमच्या वयाचा माणूस किराणा दुकानात अजून तोंडी हिशोब करतो आणि दुकानदाराची चूक काढतो.

हौशी : परवचा टिकला, कारण तो रोज होता आणि वर्षानुवर्षं होता. त्याला किती वेळ लागला हे तुम्ही कधी मोजलं नाही, कारण संध्याकाळचा तो वेळ घरचा होता. मला दिवसाला एक तासिका मिळते, तीसुद्धा हजेरी आणि खिचडीच्या मधली. पुस्तकातल्या सगळ्या शब्दांचा रोज परवचा म्हणवून घ्यायचा तर दुसरं काही शिकवायलाच नको. म्हणून माझा प्रश्न काटकसरीचा आहे : कमीत कमी वेळा म्हणवून जास्तीत जास्त टिकवायचं असेल तर कधी म्हणवावं? हे पहिल्यांदा नीट मोजलं हर्मान एबिंगहाउसने. त्याचं पुस्तक 1885 चं. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. एक दिवस मध्ये गेला की पहिल्या वेळच्या श्रमांपैकी जेमतेम एक तृतीयांश वाचत. पण त्याच पुस्तकात दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार जण बघत नाहीत. एका बैठकीत सलग 68 वेळा म्हणून जो फायदा झाला, तोच 38 वेळा म्हणून मिळाला. अट एवढीच की ते 38 तीन दिवसांत वाटून म्हटलेले होते. जवळजवळ निम्म्या मेहनतीत तेवढंच काम. माझा खोका त्यातूनच आला. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने 1972 च्या पुस्तकात ही कप्प्यांची रीत सांगितली. पुढे पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने 1987 साली तेच काम संगणकावर आणलं, आणि आज मोबाईलवर अंकीसारखी ॲप आहेत ती त्याच वंशातली.

शंकेखोर : म्हणजे एक जर्मन, स्वतःवरच प्रयोग, तोही अर्थ नसलेल्या अक्षरांवर. आणि त्यावरून तुम्ही जानेफळच्या चौथीच्या पोरांचं वेळापत्रक ठरवणार?

हौशी : अर्थ असलेल्या शब्दांवरही झालेत की प्रयोग. अमेरिकेत हॅरी बॅरिक आणि त्यांच्या घरातल्या तिघींनी परक्या भाषेतल्या शब्दांच्या 300 जोड्या शिकून पाहिल्या. त्यांचा निबंध 1993 चा. काही जोड्यांची उजळणी दर 14 दिवसांनी, काहींची 28, काहींची 56 दिवसांनी. मग पाच वर्षांपर्यंत तपासत राहिले. 56 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या 13 बैठका या 14 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या 26 बैठकांच्या तोडीस तोड ठरल्या. पुन्हा निम्म्या मेहनतीचाच हिशोब. 2008 मध्ये सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त माणसांवर बघितलं, की परीक्षा किती लांब आहे त्यावर उजळणीचं योग्य अंतर ठरतं. आठवड्याने विचारणार असाल तर एखाद्या दिवसाने उजळणी घ्या, वर्षाने विचारणार असाल तर तीनेक आठवडे थांबा.

शंकेखोर : संशोधकाच्याच घरातली चार माणसं. पाच वर्षं नेमाने बसली, कारण त्यांना निकाल हवा होता. तुमच्या वर्गातल्या पोराला सोयाबीन सोंगायच्या दिवसांत आईबापाबरोबर वावरात जावं लागतं, त्याचं अंतर शेती ठरवते. आणि शाळेचं म्हणाल तर आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते. उन्हाळ्याची ती सुट्टी तुमच्या सगळ्या कप्प्यांपेक्षा मोठी आहे. आणखी एक. अंतर वाढवलं की सुरुवातीला शिकणं मंदावतं, हे त्या बॅरिक मंडळींनाही दिसलंच ना? दर वेळी निम्मं विसरून पोर उभं राहतं. तुम्ही म्हणाल, ही कष्टाची पायरी आहे, पुढे फळ आहे. पण बाप शाळेत येतो तेव्हा त्याला पायरी दिसत नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेतलं पोर धडाधड म्हणून दाखवतं आणि आपलं अडखळतं, एवढंच त्याला दिसतं. पुढच्या जूनला तो दाखला मागायला येतो.

हौशी : हे मान्य. रॉबर्ट बियॉर्क यांनी अशा अडखळण्याला हवीशी अडचण म्हटलंय, पण ती अडचण बापाला हवीशी कशी वाटावी, हे त्यांनी लिहिलेलं नाही. पालकसभेत मला ते दर वेळी उलगडून सांगावं लागतं. सुट्टीचं मात्र मी उलटं बघते. मोठी सुट्टी टळणार नसेल, तर मार्च-एप्रिलमध्ये काय परत आणायचं आणि जुलैत काय, हे आधी ठरवणं जास्तच गरजेचं होतं. आपली पुस्तकं याच्या विरुद्ध वागतात. शब्द एका धड्यात येतो, धड्याखाली चौकटीत बसतो, आणि पुन्हा भेटत नाही. 2023 च्या जूनमध्ये दप्तराचं ओझं कमी करायला पुस्तकं चार भागांत आली. पाठ हलकी झाली, चांगलंच झालं. पण दुसरा भाग हातात आला की पहिला घरी माळ्यावर जायचा. ती पद्धत होती तोवर मागचं पान उलटून बघायची सोयच नव्हती.

शंकेखोर : आता माझी मुख्य तक्रार ऐका. परवा मी तुमच्या खोक्याजवळ बसलो होतो. एका पोरीने कार्ड उचललं, मी शब्दावर हात आडवा धरला होता तरी तिने लगेच सांगितलं, "उसनं घेणे." मी विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाली, "त्याच्यावर हळद लागेल आहे न गुरुजी." खरंच, पत्रिकेच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं. तिला कार्ड पाठ होतं, शब्द नव्हता. मग मी तिला फळ्यावर एक वाक्य लिहून दिलं, राजूने मीनाकडून पेन्सिल 'बॉरो' केली असं. आता पेन्सिल कुणाकडे आहे, विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कार्ड पाचव्या कप्प्यात होतं, मॅडम! तुमच्या हिशोबाने ते पक्कं झालेलं होतं.

हौशी : हळदीचं कार्ड मी बदलते. पण तुमची तक्रार डागाची नाही, हे मला कळलं, आणि ती माझीही आहे. तेच कार्ड, तेच अक्षर, तीच मराठी बाजू असं परत परत आलं की स्मरण त्या कार्डालाच चिकटतं. म्हणून मी यंदा रीत बदलली. शब्द परत येतो, पण दर वेळी दुसऱ्या कामासाठी. 'बॉरो' पहिल्या दिवशी कार्डावर आला. दोन दिवसांनी पोरांनी एकमेकांकडून खरंच खोडरबर मागायचं, इंग्रजीत. आठवड्याने शेजारणीकडे वाटीभर साखर आणायला गेलेल्या मुलीचं चित्र, त्यावर दोन वाक्यं. पंधरवड्याने तोच शब्द 'लेंड'च्या शेजारी, म्हणजे घेणारा कोण आणि देणारा कोण हे दर वाक्यात ठरवायला लागतं. महिन्याने वाचनपेटीतल्या पुस्तकांची नोंदवही, कुणी कुणाकडून पुस्तक नेलं ते. अंतर तेच ठेवलं, चेहरा बदलला. याच्या मागे एक जुना प्रयोग आहे, 1978 चा, कर आणि बूथ यांचा. आठ वर्षांच्या मुलांना बियांच्या छोट्या पिशव्या नेम धरून टाकायला लावल्या. एका गटाने सराव फक्त तीन फुटांवरून केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा घेतली तीन फुटांवरून. ज्यांनी तीन फुटांवरून एकदाही टाकली नव्हती, त्यांचाच नेम जास्त बरा निघाला.

शंकेखोर : पिशवी टाकणं आणि भाषा शिकणं यात बराच फरक आहे. शिवाय तोच प्रयोग पुढे ज्यांनी परत करून पाहिला, त्या सगळ्यांना तसंच दिसलं असंही नाही.

हौशी : मग भाषेतलं घ्या. 2006 साली ॲडलमन, ब्राउन आणि केसादा यांनी दाखवलं, की इंग्रजी शब्द किती झटकन ओळखला जातो हे तो एकूण किती वेळा छापला गेला यापेक्षा किती वेगवेगळ्या मजकुरांत आला यावरून जास्त नेमकं सांगता येतं. एकाच गोष्टीत शंभर वेळा आलेला शब्द आणि शंभर गोष्टींत एकेकदा आलेला शब्द, यातला दुसरा जवळचा होतो.

शंकेखोर : ज्यांना इंग्रजी येतंच, अशा मोठ्या माणसांचा वेग मोजला त्यांनी. आपलं पोर अजून त्या शब्दाच्या दारात उभं आहे. माझी शंका इथेच आहे. लहानपणी गावात बहुरूपी यायचा. आज फौजदार, उद्या वैद्य, परवा पोस्टमन. मजा कधी यायची? हा कालचाच माणूस आहे हे ओळखू आलं की. वेश इतका बेमालूम असला की ओळखच पटली नाही, तर लोक त्याला खरा फौजदार समजून दार लावून घेत. तुमचा 'बॉरो' खोडरबर घेऊन आला, साखर घेऊन आला, नोंदवहीत बसला. हुशार पोराला कळलं की हा तोच. मागच्या बाकावरच्याला चार वेगळी माणसं भेटली, चारही अनोळखी. मग त्याच्यासाठी उजळणी झाली कुठे? चार शब्द एकेकदा भेटले, एवढंच झालं. तुमच्या वहीत चार फेऱ्या, त्याच्या डोक्यात एकही नाही.

(हौशींना इथे पटकन उत्तर सुचलं नाही, आणि माझ्या मते सुचू नयेच. अंतर ठेवून उजळणी करण्याचा सगळा फायदा एका गोष्टीवर उभा आहे : दुसऱ्या भेटीत पहिली भेट आठवली पाहिजे. रूप बदलत नेलं की आठवणं जड होतं. थोडं जड झालं तर स्मरण मुरतं, फार जड झालं तर भेटच होत नाही. थोडं आणि फार यांच्यामधली रेघ मुलागणिक हलते, आणि ती रेघ कुठल्याही निबंधात आखून मिळत नाही.)

हौशी : मग तुम्ही काय केलं असतं? कार्ड तसंच ठेवलं असतं?

शंकेखोर : मी तर्खडकर काढले असते. हसू नका. खोका नव्हता, मोबाईल नव्हता, तेव्हा महाराष्ट्रातल्या किती पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या! तीन भाग. पाठात एक नियम, थोडे नवे शब्द, मग इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत न्यायची वाक्यं. आजच्या पाठातला शब्द चार पाठांनंतर दुसऱ्या कर्त्याच्या हाती, दुसऱ्या काळात सापडायचा. संस्कृतसाठी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं पहिलं पुस्तक त्याच वळणाचं, तेही एकोणिसाव्या शतकातलं. बदल असायचा, पण मोजून मापून. एका वेळी एकच गोष्ट हलायची, बाकीचं जागेवर. काळ बदलला तर शब्द ओळखीचे, शब्द नवा आला तर रचना ओळखीची. बहुरूप्याची टोपी बदलायची, मिशा त्याच राहायच्या.

हौशी : हे तर माझ्याच बाजूचं बोललात, गुरुजी! अंतर आहे, बदलही आहे, फक्त दोन्ही ग्रंथकाराने आधीच गुंफून ठेवलंय. त्रुटी एवढीच की पुस्तकाला पोर दिसत नाही. कुणाचा कुठला शब्द निसटला हे त्याला कळत नाही, ते सगळ्यांना त्याच पाठावर तोच शब्द परत देतं. माझ्या खोक्यात प्रत्येकाची चूक प्रत्येकाच्या कप्प्यात दिसते.

शंकेखोर : दिसते खरी. पण तर्खडकरांवर शिकलेल्यांची दुसरी त्रुटी तुम्ही सोडून दिलीत, ती मीच सांगतो. आम्ही अर्ज सुरेख लिहायचो. भाषांतराला पैकीच्या पैकी. अन् मुंबईच्या रेल्वेत कुणी दोन वाक्यं इंग्रजीत विचारली की जीभ टाळ्याला. म्हणजे वाक्यांत बदल होता, अंतर होतं, तरी बोलणं आलं नाही. घनपाठाचं बघा. वेद पाठ करणाऱ्यांनी पदांचा क्रम उलटासुलटा करून किती रूपं केली! जटेत पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. घनात तीन-तीन पदांची तशीच गुंफण. एकच ऋचा इतक्या वाटांनी म्हटली की एक स्वर हलणं कठीण. आपल्या देशात याहून कसलेला बदलता सराव मला माहीत नाही. पण त्याने पाठ राखला जातो. संस्कृत बोलणं त्यातून येत नाही, ते वेगळं शिकावं लागतं. मग मला सांगा, तुमच्या 'चेहरा बदलला'मधला कुठला बदल भाषा देतो, आणि कुठला फक्त पाठ पक्का करतो?

हौशी : घनपाठाचं काम पाठ राखण्याचंच होतं, ते त्याने चोख केलं. बोलण्याचा सराव नसेल तर बोलणं येणार नाही. ज्या कामाचा सराव केला ते काम येतं. माझ्या खोडरबराच्या फेरीत पोरगं तोंडाने मागतं, आणि समोरचा खरंच देतो किंवा नाही म्हणतो. हा बदल पदांच्या क्रमाचा नाही, कामाचा आहे.

शंकेखोर : इथे आपण मुद्द्यावर आलो. आता आपल्याच भागातलं उदाहरण. मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवरची लेकरं घरी गोरमाटी बोलतात. शाळेत येतात तेव्हा काहींना मराठी तोडकंमोडकं येतं, काहींना तेवढंही नाही. दुसरी-तिसरीपर्यंत ती मराठीत भांडायला लागतात. त्यांना कुणी खोका दिला? कुणी अंतर मोजलं? आणि त्याच लेकरांना पहिलीपासून इंग्रजी आहे. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून सुरू झालं. दहावीपर्यंत दहा वर्षं. दहा वर्षांत भांडणं तर सोडाच, रस्ता विचारता येत नाही. माझं उत्तर सरळ आहे : मराठीची गरज होती, इंग्रजीची नाही. बाजारात, एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत मराठीशिवाय चालत नव्हतं. गरज असली की पोर शिकतं, नसली की तुमची सगळी अंतरं आणि चेहरे वाया.

हौशी : गरज होती हे खरं, पण गरजेने नेमकं काय केलं ते बघा ना. 'उसनं' हा शब्द तांड्यावरच्या पोराला सोमवारी दुकानात भेटला, चार दिवसांनी वर्गात, पुढच्या महिन्यात बापाच्या बियाण्याच्या बोलण्यात. मध्ये अंतर होतं, दर वेळी काम वेगळं होतं. मी खोक्यात जे हाताने घडवायला बघते, ते गावाने आपोआप केलं. 1991 चा अँडरसन आणि स्कूलर यांचा एक निबंध मला या बाबतीत फार आवडतो. त्यांनी वर्तमानपत्राचे मथळे, आईबापांचं लहान मुलांशी बोलणं आणि आलेली ई-पत्रं तपासली. एखादा शब्द काल आला असेल तर आज येण्याचा संभव जास्त, आणि जितके दिवस तो आला नाही तितका तो संभव घटत जातो. माणसाचं विसरणंही जवळपास त्याच रेघेने उतरतं. म्हणजे विसरणं हा डोक्याचा आळस नाही. ज्याची विचारणा जग करत नाही ते डोकं मागे टाकतं. जानेफळमध्ये इंग्रजीची विचारणा शाळेबाहेर कुणी करत नाही. म्हणून ती मला करावी लागते.

शंकेखोर : म्हणजे तुम्ही खोटं जग उभं करणार.

हौशी : काही काळ, हो.

शंकेखोर : आणि पोरांना ते खोटं आहे हे कळत नाही असं वाटतं तुम्हाला? मराठी बोलणाऱ्या मित्राकडून इंग्रजीत खोडरबर मागायचं. तो हसतो, हाही हसतो, मग म्हणतो, "दे ना बे." हळूहळू नाटक पाठ होतं. नाटकातला शब्द नाटकाला चिकटतो, जसा कार्डातला हळदीला चिकटला होता. आता दुसरं बघा. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरनंतर आपल्या गावावरून जाते. त्या वेळी रस्त्यात उभ्या म्हाताऱ्या बाया अभंग म्हणतात, अक्षरओळख नसलेल्या. त्यांच्या अभंगातला एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. तुमच्या हिशोबाने हे सगळ्यात वाईट पाठांतर, रूप कधीच बदललं नाही. पण तीच बाई सुनेला समजावताना त्यातला अर्धा चरण वापरते, कुणाच्या घरी दुःखाला बसली की दुसरा वापरते, आणि पीक बुडालं की तिसरा. शब्द तोच, चाल तीच, प्रसंग दर वेळी नवा. मग बदल शब्दाच्या रूपात हवा की प्रसंगात? मला वाटतं प्रसंगात. आणि प्रसंग खोक्यातून काढता येत नाही.

हौशी : हे मी असं कधी मांडलं नव्हतं. म्हणजे वाक्य ओळखीचंच ठेवायचं, अगदी पाठ झालेलं, आणि ते वापरायचं निमित्त बदलायचं. तुमच्या मागच्या बाकावरच्या पोराला ते जमेल, कारण माणूस ओळखीचा राहतो. पण याला मर्यादा आहे. बाईचा अभंग तिच्या बोलीत आहे. चरण कुठे तोडायचा, कुठे जोडायचा हे तिला जन्मापासून येतं. माझं पोर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य नव्या निमित्ताला जसंच्या तसं फेकेल. राजूऐवजी बाबा आले, कालऐवजी उद्या आला, की वाक्य मोडावं लागतं. मोडायचा सराव कधी द्यायचा? रूप कधीतरी हलवावंच लागेल.

शंकेखोर : कधीतरी, हो. पण आधी किती फेऱ्या तसंच ठेवायचं? दोन? सहा? मुलागणिक वेगळं म्हणाल, तर दोन इयत्ता एकत्र घेऊन बसलेल्या शिक्षकाने तीस मुलांचं वेगवेगळं कसं लिहायचं? तेच करायला ॲप आहे म्हणाल. ॲपला कधी विचारायचं ते कळतं, कारण ते चुका मोजतं. काय बदलून विचारायचं ते त्याला कळत नाही, कारण पोर का अडखळलं ते त्याला दिसत नाही. तुम्हाला दिसतं, पण तीस मुलांच्या चुका मोजायला वेळ नाही.

हौशी : मग वाटणी करते. दिवस खोका सांगेल, रूप मी ठरवीन. आणि तुमची ती टोपी-मिशांची अट पाळते : एका फेरीत एकच गोष्ट हलवायची. निम्मे शब्द कार्डावर जसेच्या तसे परत आणते, निम्म्यांचं निमित्त बदलते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

शंकेखोर : करा. परीक्षा मात्र मी घेणार.

हौशी : घ्या. कार्डावर विचारणार की वाक्यात?

शंकेखोर : दोन्हीकडे. कार्डाचे आकडे वेगळे लिहायचे, वापराचे वेगळे, एकात मिसळायचे नाहीत. माझा अंदाज, कार्डावर तुमचा न बदललेला गट पुढे असेल.

हौशी : आणि वाक्यात माझा बदललेला.

शंकेखोर : वाक्यात दोन्ही गट खाली असतील, असं मला वाटतं.

(दोघांचे अंदाज मी लिहून ठेवले आहेत, निकाल सांगत नाही. एकट्या वर्गाच्या आकड्यांनी हा प्रश्न सुटणाराही नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हाती वर्ग असेल त्यांनी एवढं करून बघावं : दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या पहिल्या दिवशी, आधी न सांगता, पहिल्या सत्रातले दहा शब्द काढावेत. आधी नुसते विचारावेत, मग मुलांनी कधी न पाहिलेल्या वाक्यांत विचारावेत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, जसे येतील तसे लिहावेत आणि पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या इतर शिक्षकांपुढे ठेवावेत.)